डिकीत किती पाट्या मावतात

२४ जून

व्हॅनने आज पुन्हा मान टाकली. भर फाटक रोडला. आत सुक्या बोंबलांची तीन पोती, बाहेर मी, ढकलतेय. मागून रिक्षावाला ओरडतो, "ओ मावशी, भंगारात द्या आता!" म्हटलं, आधी ढकल, मग देते. ढकलली बिचाऱ्याने.

मेकॅनिकने तोंडावर सांगितलं, पुढच्या पासिंगला ही पास होणार नाही. चौदा वर्षं चालवतेय. पहाटे होड्यांचा धक्का, मग बाजार, दुपारी जेसल पार्कची गिऱ्हाइकं. माझ्याइतक्या तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत आणि माझ्याइतकं कोणी जपलंही नाही.

मासेमारी बंद आहे तोवर सुकटीवर निभावेल. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की गाडी लागणारच.

२७ जून

ज. खुशीत. (जगदीश, माझा नवरा. पूर्ण नाव लिहावं इतका रोज चांगला वागत नाही, म्हणून ज.) खाडीकडची जागा रस्त्यात गेली, तिचे पैसे आयेच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, खात्यात जमा झाले. जागा त्यांच्या नावावर होती, त्यामुळे सही त्यांचीच. ज.ने लगेच जाहीर करून टाकलं, गाडी घ्यायची. मोठी. त्याच्या तिन्ही चुलतभावांच्या मोठ्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी ओळीने उभ्या असतात, आठवड्यातून एकदा धुतल्या जातात, वर्षातून चारदा चालतात.

मी म्हटलं, घेऊ. पण मासळीची पाटी कुठे ठेवायची?

हसला. मी विनोद केला असं वाटलं त्याला.

३० जून

आज कळलं, का हसला ते.

जेवताना म्हणाला, "हेमा, पाटी सोड आता. मोठ्या गाडीत बस. जल्मभर लोकांच्या दारात बसलीस." हे त्याने प्रेमाने म्हटलं, मान्य आहे. म्हणूनच जास्त राग आला. रागाने म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी लोकांच्या दारात बसले म्हणजे काय? भीक मागत होते? पापलेट कापत होते. त्या पापलेटांवर आमची लेक तन्वी बी.कॉम. झाली. पालिकेच्या पंपावरची त्याची नोकरी आठ महिने सुटली होती, तेव्हा घर कोणाच्या पाटीवर चाललं? तेव्हा कोणाला लाज नाही वाटली.

लाज हा शब्द त्याने काढला नाही. मीच लिहितेय. पण ताटात तोच वाढलेला होता.

ठरवलं: गाडी कुठलीही येऊ दे, पाटी सुटणार नाही.

१ जुलै

तन्वी म्हणते, "मम्मी, मग सरळ टेम्पो घे ना." तिला वाटतं जगातले सगळे प्रश्न एका वाक्यात सुटतात. टेम्पोत आयेला कुठे बसवू? दर पंधरा दिवसांनी गुडघे दाखवायला न्यावं लागतं. आणि घरापुढे एकच गाडी मावते. एकाच गाडीने दोन्ही करायला हवं. व्हॅन करत होतीच की.

तन्वीने मोबाइलवर दोन गाड्या काढल्या. एक छोटी, दिसायला एसयूव्हीसारखी पण अंगाने बेताची. तिला क्रॉसओव्हर म्हणतात म्हणे. दुसरी ज.वाली. सात सीट, काचेचं छप्पर, चामड्याच्या खुर्च्या, आमच्या ओटीपेक्षा लांब. मी लिहिताना छोटी आणि मोठी एवढंच लिहिणार.

५ जुलै

काशीगावच्या पुढे हायवेवरच्या शोरूमला गेलो. मी, ज., तन्वी. मी पाटी घेऊन गेले. घासूनपुसून, आत काही नाही. ज. रिक्षात तोंड फिरवून बसला.

आतला गारवा आमच्या बर्फाच्या कारखान्यासारखा. जिग्नेश नावाचा सेल्समन. त्याने ज.ला मोठीकडे नेलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, आपके लिए ये छोटी परफेक्ट है. लेडीज लोग यही लेते हैं. पार्किंग ईझी."

मी आले होते छोटीच बघायला. पण हे ऐकलं आणि माझी सटकली. चौदा वर्षं मी व्हॅन धक्क्यावर उलटी घेतेय, एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला खाडी. मला पार्किंग ईझी?

म्हटलं, दोन्हीच्या डिक्या उघड.

छोटीत पाट्या चार. मागची सीट पाडली तर सहा. मोठीत मागच्या खुर्च्या आडव्या केल्या तर सात, आणि वर दोन टब. हिशेब हाताने पाटी ठेवून ठेवून केला. शोरूममधली एक बाई फोटो काढत होती. काढ म्हटलं.

मग विचारलं, "डिकीला भोक कुठे आहे?"

जिग्नेशला कळेना. "कैसा होल, मॅडम?" अरे, बर्फ वितळतो, त्याचं पाणी कुठून जाणार? होडीला बूच असतं तसं. आमच्या व्हॅनला ज.नेच ड्रिलने पाडलं होतं. हे मी मोठ्याने सांगितलं. तन्वी हसून हसून एका गाडीवर वाकली. ज. पाणी प्यायला गेला तो निघेपर्यंत आलाच नाही.

जिग्नेश हसला नाही. वहीत लिहून घेतलं: वॉटर ड्रेन, बूट. म्हणाला, पूछके बताता हूँ.

८ जुलै

जिग्नेशचा फोन. खरंच विचारलं त्याने वर्कशॉपला. छोटीत स्टेपनीच्या खड्ड्यात रबरी बूच आहे, काढलं की पाणी खाली. मोठीत भोक नाही, मागे तळाशी बॅटरी आणि वायरिंग आहे. पाणी गेलं तर वॉरंटी गेली.

मी विचारलं, तू मासे खातोस? "नहीं मॅडम, हम लोग तो कांदा भी नहीं खाते." तरी विचारून आला. घरातल्या माणसाने अजून एकदाही विचारलं नाही की तुला काय हवंय.

११ जुलै

आज मोठी चालवली.

ज.ला सांगितलं नाही. जिग्नेश शेजारी, पट्टा घट्ट ओढून. पहिली पाच मिनिटं त्याचा हात हँडब्रेक शोधत होता. मोठीला हँडब्रेकच नाही, बटण आहे. मग सैल झाला. म्हणाला, "मॅडम, आप तो ट्रकवाले जैसा काटते हो." शाबासकी दिली असं धरलं.

आता खरं लिहिते, इथे खोटं लिहून काय करू? गाडी आवडली. उंच बसतो आपण. बस दिसते, बसच्या पुढचं दिसतं. काच वर केली की भाईंदर गप्प.

मुद्दाम जेसल पार्कला नेली. त्या टॉवरच्या गेटवर, जिथला वॉचमन मला व्हॅन दोन मिनिटं उभी करू देत नाही. "आगे लेओ, आगे लेओ, साहब लोग कंप्लेंट करता है." सावंतबाई तिसऱ्या मजल्यावरून उतरेपर्यंत मी गटाराच्या कडेला उन्हात उभी असते. लिफ्टला तर मासळीला बंदीच.

आज लांबूनच त्याने गेट उघडलं. सलाम ठोकला. मी काच खाली केली, म्हटलं, "भैया, बोंबील लगेगा क्या?"

त्याचं तोंड. आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं, मग हात कपाळावर तसाच राहिला. "अरे मौशी, आप?" जिग्नेश खाली वाकून मॅट नीट करत होता, खांदे हलत होते.

घरी येईपर्यंत हसत होते. मग भाजी चिरताना राग आला. माणूस तोच, हात तेच, त्या हातांचा वासही तोच. सलाम पत्र्याला.

पण तो सलाम रोज घेऊन त्याच गेटवर मासळी विकावी असंही वाटलं. हे कोणाला सांगितलेलं नाही.

१३ जुलै

घोटाळा झाला आज. शांतपणे लिहायला हवा.

ज.ने मोठी घरच्यांना दाखवायला बोलावली. गल्लीत शिरेना. दोन्ही बाजूचे आरसे मिटवले, दोन स्कूटर उचलून ठेवल्या, तेव्हा तुळशीपर्यंत आली. अख्खा पाडा जमला. जिग्नेश सगळ्यांना सांगत होता, "ये तो डेमो है, डेमो." डेमो म्हणजे काय ते आयेला कोणी सांगितलं नाही.

आये आतून आल्या, हातात ताट. हळद-कुंकू, अगरबत्ती, नारळ. काठी टाकून पुढच्या चाकापाशी वाकल्या. मी "आये, थांबा" म्हणेपर्यंत दगडावर नारळ फुटलासुद्धा. पाणी बोनेटवर शिंपडलं, हळदीची पाच बोटं पांढऱ्या पत्र्यावर. मग दार उघडून तीच बोटं चामड्याच्या सीटवर.

जिग्नेशचा चेहरा पांढरा.

आमच्या घरात एक आहे. नवीन होडी बघायला माणसं कितीदाही जातील, घासाघीस करतील, सोडून येतील. पण एकदा पुढच्या टोकाला नारळ फोडला की ती आपली. मग ती फिरवायची नाही. फिरवली तर दर्याचा अपमान. सासऱ्यांनी एकदा गळकी होडी घेतली होती, नारळ फुटला म्हणून सहा वर्षं उपसत चालवली.

ज. टाळ्या वाजवून म्हणाला, "झालं! नारळ फुटला. आता ही आपली हाय, जिग्नेशभाई. फिरवाची न्हाय." चुलतभाऊ पेढे आणायला पळाले.

सीटवरची हळद मी आणि जिग्नेशने पुसली. ओल्या फडक्याने पुसल्यावर आणखी पसरली. त्याला म्हटलं, तुला ओरडा बसला तर मला फोन दे. म्हणाला, "आपकी सासूजी ने पूजा किया है, मैं क्या बोलूँ." चांगल्या घरचा आहे.

१४ जुलै

सकाळपासून अभिनंदन. सुकट घ्यायला आलेली बाईसुद्धा, "ऐकलं मोठी गाडी आली. आता कशाला बसाल बाजारात?"

बसणार. उद्याही बसणार. पावशेर घेणार की अर्धा किलो ते सांग.

ज.शी बोलत नाही. तो म्हणतो, "आयेने फोडलाय, मी न्हाय." आईच्या पदराआडून पोराने बोलावं तसा. बावन्न वर्षांचा आहे.

आयेशीही बोलले नाही, हे जास्त लागतंय. पाटी त्यांनीच माझ्या डोक्यावर ठेवली होती, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. बाजारातली त्यांची जागा मला दिली. तागडी कशी धरायची, खोटं गिऱ्हाईक कसं ओळखायचं. आणि आज त्यांनीच...

राहू दे.

१९ जुलै

केलं. बरं केलं की वाईट ते नंतर बघू.

बाजारातून उठले, नारळवाल्याकडून एक नारळ घेतला, रिक्षाने काशीगाव. शोरूममध्ये शिरले, छोटीसमोर उभी राहिले. आत दगड कुठला? दरवाजाला टेकवायला ठेवलेली वीट घेतली. जिग्नेश लांबून, "मॅडम... मॅडम, नहीं..." फोडला. गुळगुळीत लादीवर पाणी लांब गेलं, थेट मॅनेजरच्या टेबलाखाली. एका बाईने पाय वर घेतले.

म्हटलं, आता ही पण आपली. दोन्हीला फुटला. रीतच असेल तर रीतीने भांडू.

मॅनेजर पुसायला माणूस शोधत होता. फडकं मीच घेतलं आणि पुसलं. लादी पुसायची मला लाज नाही. अर्धं खोबरं जिग्नेशला दिलं, अर्धं मॅनेजरला. त्याने खाल्लं.

घरी ज.ला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "तू डोक्यावर पडलीस काय?" तन्वी आतल्या खोलीत उशीत तोंड घालून हसत होती, आवाज येत होता.

आये म्हणाल्या, आमटी वाढ.

२५ जुलै

बँकेचा कागद आणला ज.ने. मोठीच्या बुकिंगसाठी आयेची सही हवी. सगळे बाहेरच्या खोलीत. मी दारात उभी, हात बांधून, भांडायच्या पूर्ण तयारीत. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही कामाला आलं नाही.

आयेने चश्मा लावला, पेन घेतलं, कागद बाजूला ठेवला. मला म्हणाल्या, "हेमा, तिच्यात सात मावतात ना गो?"

मी म्हटलं, काय सात?

"पाट्या. तू मोजल्यास ना. तन्वी सांगत होती."

ज. म्हणाला, "आये, पाट्या कसल्या? ती मोठी गाडी हाय. चामड्याच्या सीटा हायत. तिच्यात मासळी?"

आये त्याच्याकडे बघत राहिल्या. "मंग कशाला रं फोडला मी नारळ? तुला मिरवाला? व्हॅनमंदी चार मावतात, हिच्यात सात. पोरीच्या दोन फेऱ्या वाचतील. सून धंदा करते म्हणून गाडी घेतो ना आपण?" मग शांतपणे, "जागा माझी व्हती. ती जागा माझ्या सासूने बोंबील सुकवून राखली. मासळीच्या पैशाची गाडी आन् मासळीला जागा न्हाय?"

ज.ने पाणी प्यायलं. पाण्याला जायची त्याची सवय आहेच.

मी स्वयंपाकघरात गेले आणि रडले. आधी थोडं, मग बरंच. बारा दिवस मी या बाईशी अबोला धरून बसले होते. त्यांना वाटलंच नव्हतं की पाटी सुटू शकते. त्यांच्या हिशेबात तो प्रश्नच नव्हता.

बाहेर आले, म्हटलं, आये, माफ करा. त्या म्हणाल्या, "कशाला? जवळ्यात मीठ कमी हाय, तेवढं घाल."

सही झाली नाही. कागद टीव्हीवर.

२६ जुलै

मजा आहे. आज सकाळी ज. म्हणतो, "मग छोटीच घेऊ या. छोटी काय वाईट न्हाय. मायलेज चांगला हाय. तिला बूच पण हाय."

बूच! तीन आठवडे झाले, पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द आला. चामड्यावर बांगडा नको म्हणून.

आणि मला काय झालंय बघा. तो छोटी म्हणाला की मला मोठी हवीशी वाटते. सात पाट्या. वॉचमनचा तो हात. खाली ताडपत्री घालता येईल, वर रबरी चटई, टबाला झाकण. बर्फ घट्ट बांधला तर पाणी येतं कुठे?

पण गल्ली. धक्क्यावरचं वळण. वॉरंटी. आणि आयेला वर चढायला फूटभर उंच पायरी, नारळ फोडला त्या दिवशी मी मागून ढकललं तेव्हा चढल्या.

छोटी घेतली तर ज.ला वाटेल, जिंकलो. मोठी घेतली तरी त्याला वाटेल, जिंकलो. मला नुसती चांगली गाडी हवी होती, मध्ये हा माणूस कुठून आला?

२ ऑगस्ट

जिग्नेशचा फोन. त्याच्या साहेबाने विचारलंय, दो-दो गाडी में नारियल फूटा है, फायनल कौनसी? आणि हळूच, डेमोच्या सीटवर अजून थोडा पिवळा डाग आहे. लोक विचारतात तर तो सांगतो, शुभ है.

म्हटलं, थांब. नारळी पौर्णिमा होऊ दे.

नारळी पौर्णिमा

दर्याला नारळ वाहिला. आयेला खुर्चीवर बसवून किनाऱ्यापर्यंत नेलं, ज. एका बाजूने, मी एका बाजूने. वाटेत ज. म्हणाला, माझ्याकडे न बघता, "तू पाटी सोडू नको. मी उगाच बोल्लो." एवढंच. मीही फार काही बोलले नाही. म्हटलं, खुर्ची तुझ्या बाजूने खाली जातेय, उचल.

या वहीत आज एकदा लिहिते: जगदीश.

दुसरा दिवस

होड्या सुटल्या. व्हॅन तिसऱ्या किल्लीला चालू झाली.

जिग्नेशला धक्क्यावरूनच फोन केला. मागे लिलावाचा गोंधळ, त्याला ऐकू जाईना. ओरडून सांगितलं, शोरूमला येतेय, आज दुपारी, दोन्ही गाड्या बाहेर उन्हात काढून ठेव.

"फिर से खाली टोकरी लेके, मॅडम?"

म्हटलं, नाही. आज ओली. बांगड्यांची. बर्फासकट. पाणी कुठे जातं ते बघू, मग फायनल.

तो म्हणाला, "आइए. मैं प्लास्टिक बिछाके रखता हूँ."

"बिछाऊ नको," म्हटलं आणि पाटी उचलली.